हप्त्याच्या दिवशीची नजर



डॉ. पंजाबराव देशमुख, म्हणजे आपले भाऊसाहेब, यांच्या जयंतीच्या आठवड्यात त्यांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहणं ही माझ्या दृष्टीने मोठी जबाबदारी आहे. पापळच्या शेतकऱ्याच्या घरात १८९८ साली जन्मलेला हा माणूस विलायतेत शिकून आला, १९३२ साली त्याने शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला. शेतकऱ्याचं कष्टणं आणि त्याचं शिकणं या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. म्हणून मानसशास्त्रातला एक विषय मी आज थेट वावरात घेऊन जाणार आहे. विषय असा: मनावर ताण असला की माणसाची नजर कुठे जाते? काम अवघड असतं, जोखमीचं असतं, तेव्हा डोळे नेमके कुठे असतात? आणि ते नको तिथे गेले, तर दोष कुणाचा?

सुरुवात डोळ्यापासूनच करू. जरा हात सरळ समोर धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. लाजू नका, सगळ्यांनीच धरा. त्या नखाएवढाच भाग या क्षणी तुम्हाला खरोखर स्पष्ट दिसतो आहे. बाकी सगळं सभागृह, मी, हा ध्वनिक्षेपक, शेजारचा माणूस, हे सारं धूसर आहे. ते धूसर आहे हे आपल्याला कळत नाही, कारण डोळा थांबतच नाही. सेकंदाला साधारण तीन वेळा तो उडी मारतो, टेकतो, पुन्हा उडतो. उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळपास बंदच ठेवतो. म्हणजे आपण जग सलग पाहत नाही, वेचून वेचून पाहतो. आणि वेचायचं म्हटलं की काही तरी सुटणारच.

काय वेचायचं, हे कोण ठरवतं? रशियातल्या यार्बस नावाच्या शास्त्रज्ञाने एका माणसाला रेपिन या चित्रकाराचं एक चित्र दाखवलं. बऱ्याच काळाने अचानक घरी परतलेला एक माणूस आणि चकित झालेलं कुटुंब, असं ते चित्र आहे. यार्बसने विचारलं, या लोकांची वयं काय असतील? डोळे चेहऱ्यांवरून फिरले. मग विचारलं, हे घर श्रीमंत आहे की गरीब? डोळे फर्निचरवर, कपड्यांवर गेले. चित्र तेच, डोळे तेच. मनातला प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. १९६७ साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या पुस्तकात त्या वाटांचे नकाशेच छापले आहेत.

आता मला सांगा, मनात चित्राविषयीचा प्रश्न नसून दुसराच एखादा प्रश्न ठाण मांडून बसला असेल तर? 'रविवारी पैसे कुठून आणू?' हा प्रश्न असेल तर? डोळे कुठल्या वाटेने जातील?

ताण नजरेचं काय करतो, याविषयी तीन गोष्टी आज बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतात.

पहिली, नजर भीतीच्या जागी चिकटते. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात विल्सन, वूड आणि व्हाइन यांनी २००९ साली फुटबॉल खेळाडूंवर एक प्रयोग केला. पेनल्टी मारताना डोळे कुठे आहेत ते टिपणारं यंत्र त्यांच्या डोक्यावर बसवलं. साध्या सरावात खेळाडू जाळीच्या कोपऱ्याकडे पाहायचे. मग त्यांच्यावर दडपण आणलं. लगेच नजर गोलरक्षकाकडे जायला लागली, लवकर आणि जास्त वेळ. आणि चेंडू? तोही गोलरक्षकाच्या जवळच जायला लागला. ज्याची भीती त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहिलं तिथेच पाय गेला. यामागचं कारण मानसशास्त्रज्ञ असं देतात की मेंदूत लक्षाच्या दोन व्यवस्था आहेत. एक 'मला काय करायचं आहे' यावर चालते, दुसरी 'समोर काय चमकलं, काय खडखडलं' यावर चालते. चिंता पहिलीला दुबळी करते आणि दुसरीला मोकाट सोडते.

दुसरी, नजर शिस्त सोडते. आणि तिसरी, नजर लवकर थांबते. या दोन्ही गोष्टी इस्राएलच्या जिओरा केइनान या संशोधकाने १९८७ साली दाखवल्या. लोकांना कोडी दिली, प्रत्येकाला काही पर्यायी उत्तरं होती. काहींना सांगितलं की मध्येच विजेचा धक्का बसेल. प्रत्यक्षात धक्का कुणालाच दिला नाही, नुसती धास्ती. त्या धास्तीखालच्या लोकांनी पर्याय ओळीने तपासले नाहीत, इकडून तिकडे उड्या मारल्या. आणि सगळे पर्याय पाहून होण्याआधीच उत्तर देऊन टाकलं. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. घाबरलेला माणूस आळशी नसतो. तो पाहत असतो, घाम गाळून पाहत असतो, पण ओळ सोडून पाहतो आणि अर्ध्यावर 'पाहून झालं' असं त्याला वाटतं.

इथे कुणाला अर्जुनाची आठवण झाली असेल. पोपटाचा फक्त डोळा दिसला, बाकी झाड दिसलंच नाही. मग नजर आकसली तर वाईट काय? फरक असा, की अर्जुनाने काय सोडायचं ते स्वतः ठरवलं होतं. ताणाखाली आकसलेली नजर काय सोडते ते माणसाला ठरवता येत नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान उतरायच्या तयारीत होतं. पुढचं चाक बाहेर आल्याचं सांगणारा छोटा दिवा लागला नाही. कॉकपिटमधले सगळे अनुभवी लोक त्या दिव्याच्या मागे लागले. दरम्यान विमानाची उंची सांभाळणारी यंत्रणा नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येत राहिलं. उंची दाखवणारा काटा समोरच होता. तो वेळेवर कुणी पाहिला नाही. शंभराहून अधिक माणसं गेली. चाक व्यवस्थित बाहेर आलेलं होतं, नुसता बल्ब गेला होता.

आपल्या रस्त्यांवरही हेच घडतं, पण त्यावर मी थोडक्यातच बोलतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारा मुरलेला ड्रायव्हर वळणाच्या आतल्या कडेकडे पाहतो. लँड आणि ली यांनी १९९४ साली मोजून दाखवलं, की वळणापूर्वी सेकंद-दोन सेकंद नजर तिथे जाते आणि हात मागून जातात. नवखा घाबरला की दरीकडे नाही तर समोरच्या ट्रककडे पाहतो, आणि गाडी तिकडेच ओढली जाते. सरळ रस्त्यावर वेगळंच होतं. लोणी ते मूर्तिजापूर हा अमरावती-अकोला महामार्गाचा पट्टा आठवा. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला, तोच रस्ता. त्याच्यावर डोक्यात घरचं भांडण घेऊन गाडी चालवणाऱ्याचे डोळे मधोमध खिळतात, आरशाकडे जाणं कमी होतं. तो समोर पाहतोय म्हणून आपल्याला तो सावध वाटतो.

आता वावरात चला.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी तुम्हाला नवी नाही. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात काय केलं ते या सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी स्वतःच्या वावरात पाहिलं आहे. ही अळी मोठी लबाड आहे. लहान असतानाच ती बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टवटवीत. आत सरकी खाऊन टाकलेली. तिला वेळेत पकडायच्या जागा ठरलेल्या आहेत. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमाने गुंडाळून टाकते, फूल उमलतच नाही, त्याला आपण डोमकळी म्हणतो. दुसरं, कामगंध सापळा. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग आले की समजायचं वेळ आली. तिसरं, वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, त्यांपैकी दोनांत अळी दिसली की नुकसानीची पातळी ओलांडली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ, कृषी सहायक, सगळे हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. हे सगळं काम म्हणजे नुसतं पाहण्याचं काम आहे. औषधाच्या आधीचं, फवारणीच्या आधीचं. आणि ते अवघड आहे. हजारो फुलांत एखादीच डोमकळी असते. शोधायची वस्तू विरळ असली की ती नजरेतून निसटण्याचं प्रमाण वाढतं, हे विमानतळावर सामान तपासणाऱ्यांबाबतही खरं आहे.

दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, पोळ्याच्या सुमाराला मी एका शेतकऱ्याबरोबर त्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभा होतो. पन्नाशीचा माणूस, हाताला काम ठाऊक असलेला. तो तासातून, म्हणजे झाडांच्या ओळीतून, चालत होता, पानं उलटत होता. वावर रस्त्याला लागून होतं. मी पऱ्हाटीकडे न पाहता त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो, धंदाच तो माझा. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की त्याची मान वर व्हायची. गाडी निघून गेली की तो पुन्हा पऱ्हाटीकडे वळायचा, पण सोडलेल्या झाडाकडे नाही, चार झाडं पुढे. पुन्हा आवाज, पुन्हा मान वर. तासाच्या अर्ध्यातच तो धुऱ्याकडे निघाला. मी विचारलं, "काय दादा, काय म्हणते पऱ्हाटी?"

"पायलं ना सर सारं. काईच नाई, मस्त हाय."

मग आम्ही परत त्याच तासात गेलो. या वेळी मी त्याला झाड न सोडता एकेक दाखवायला सांगितलं. त्याने ज्यांवरून नजर उडवली होती त्या झाडांत डोमकळी सापडली. त्याची त्यालाच सापडली, मला दाखवावी लागली नाही. पाकळ्या पिळून घट्ट मिटलेल्या, जसं काही कुणी सुई-दोऱ्याने शिवल्या. त्याने बोटाने ती उकलली, आत बारीक अळी वळवळत होती. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आज हप्त्याचा दिस हाय, सर. पोट्टा येनार हाय वसुलीचा."

आता केइनानचा प्रयोग आठवा. ओळ सोडून पाहणं आणि अर्ध्यावर थांबणं. पेनल्टीचा प्रयोग आठवा. भीतीच्या दिशेने ओढलेली नजर. यातलं काय त्या तासात नव्हतं? या माणसाला अळी ओळखता येत नव्हती का? येत होती. त्याला पिकाची काळजी नव्हती का? घरात सगळ्यांत जास्त काळजी त्यालाच होती. मग त्याला 'प्रशिक्षण' देऊन काय होणार होतं?

इथे मी एका अभ्यासाकडे येतो, तो माझ्या आजच्या बोलण्याचा कणा आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. ऊस तुटण्याआधी शेतकऱ्याचा हात आखडलेला, तुटल्यावर पैसे आलेले. त्यांनी तोच शेतकरी आधी आणि नंतर असा दोनदा तपासला. चाचण्या होत्या लक्षाच्या आणि विचारशक्तीच्या. तोच माणूस, तेच डोकं, पण पैसे येण्याआधी त्याची कामगिरी स्पष्टपणे कमी. हे लक्षात घ्या, श्रीमंताची गरिबाशी तुलना नाही, माणसाची त्याच्याशीच तुलना आहे. पैशाची विवंचना मेंदूचा एक हिस्सा अडवून बसते, आणि उरलेल्या हिश्श्यावर माणसाला काम भागवावं लागतं.

आता आपलं वऱ्हाडाचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये पेरणी, बियाणं, खत, सगळा पैसा जमिनीत गेला. जुलैत निंदण-डवरणाची मजुरी, मुलांची फी. ऑगस्टमध्ये पाती-फुलं धरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर ही बोंडअळी शोधायची वेळ, म्हणजे वर्षातलं सगळ्यांत अवघड पाहण्याचं काम. आणि हातात पैसा कधी येतो? सोयाबीन निघालं की थोडा, कापसाचा चुकारा दिवाळीनंतर. म्हणजे नजर सगळ्यांत तीक्ष्ण लागते तेव्हाच मन सगळ्यांत जास्त अडकलेलं असतं. हे दोन हंगाम एकमेकांवर बरोबर येऊन बसले आहेत. आपण मात्र म्हणतो, शेतकरी लक्ष देत नाही.

तत्कालीन पंतप्रधानांनी २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती आणि अकोला होते. त्यावर बरीच चर्चा झाली, व्याजावर झाली, सिंचनावर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण कर्जाचा ताण शेतकऱ्याच्या डोळ्यांवर, त्याच्या रोजच्या कामाच्या गुणवत्तेवर काय करतो, याची चर्चा मला कुठे सापडली नाही. कर्ज माणसाला शेवटच्या टोकाला नेतं तेव्हा बातमी होते. त्याआधी कित्येक महिने ते त्याच्या वावरातली अळी लपवत असतं, त्याची बातमी होत नाही.

आणि हे फक्त पिकापुरतं थांबत नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. अकोला-अमरावतीतही रुग्ण होते. त्या वर्षी पऱ्हाटी काही ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती, फवारा चेहऱ्यावर येत होता. औषधं एकात एक मिसळली जात होती. कारणं अनेक होती आणि पुरवठा करणाऱ्यांपासून यंत्रणेपर्यंत जबाबदारीही अनेकांची होती. पण फवारणाऱ्याच्या डोळ्यांना किती ठिकाणी जायचं असतं, याचा विचार करा. वारा कुठून येतो, नोझल गळतं का, डब्यावरचा विषारीपणाचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, प्रमाण किती, आपल्या कपड्यावर किती उडालं. डब्यावरची सूचना मुंगीएवढ्या अक्षरात. रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराला पंपामागे पैसे मिळतात, म्हणजे जेवढे पंप उपसले तेवढी कमाई. अशा माणसाची नजर पुढच्या तासावर असणार की डब्याच्या त्रिकोणावर? मेलेल्या माणसावर 'मास्क लावला नव्हता' असा ठपका ठेवणं सोपं आहे. मला ते मान्य नाही.

मग करायचं काय? नजर सुधारता येते का?

येते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ साली बास्केटबॉलपटूंमध्ये दाखवलं, की फेकण्याआधी लक्ष्यावर नजर शांतपणे, जरा जास्त वेळ टेकवणारे खेळाडू सरस ठरतात. पुढे अशी नजर शिकवताही येते आणि दडपणाखाली ती बऱ्यापैकी टिकते, हे गोल्फमध्ये दिसलं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांमध्येही दिसलं. क्रिकेटचं उदाहरण तर फार सुंदर आहे. 'चेंडूवरून नजर हटवू नको' असं आपण पोरांना सांगतो. २००० साली लँड आणि मॅक्लिओड यांनी मोजलं तेव्हा कळलं, की चांगला फलंदाज चेंडू हातातून सुटताना पाहतो आणि मग डोळे झटकन पुढे, टप्पा पडेल त्या जागी नेऊन ठेवतो. जितका फलंदाज चांगला तितकी ही उडी लवकर. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ धावांचा पाठलाग करताना आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढल्या, तेव्हा हे शहर रात्री जागं होतं. अशी खेळी हजारो चेंडूंच्या सरावातून येते. आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला तर हे १९१४ पासून ठाऊक आहे. १९३६ साली ज्या मंडळाचा चमू बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आला, तिथल्या मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला कुठे पाहायचं हे शिकवावंच लागतं.

पण खेळाडूला नेट असतं, शेतकऱ्याला नसतं. त्याचा प्रत्येक हंगाम हा अंतिम सामनाच असतो. म्हणून त्याच्या बाबतीत मी दोन गोष्टींवर जास्त विश्वास ठेवतो.

एक, पाहण्याचं काम एकट्याच्या मनावर सोडू नये. वीस बोंडं फोडायची तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वाटेने, वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, आणि शेजारच्या वावरवाल्याबरोबर. आज तुझं वावर, उद्या माझं. दुसऱ्याच्या वावरात आपली नजर जास्त मोकळी असते, कारण तिथला हप्ता आपला नसतो. राज्यात २००९ पासून 'क्रॉपसॅप'खाली कीड सर्वेक्षण चालतं, ते हेच काम मोठ्या पातळीवर करतं. गावागावात बाया-माणसांचे गट करून ते धुऱ्यापर्यंत आणता येईल. कापूस वेचणाऱ्या बायांची बोंड ओळखण्याची नजर आपण कधी वापरलीच नाही, याची मला खंत वाटते. बोंडाला सगळ्यांत जास्त हात त्यांचा लागतो.

दोन, ताणाचं कारणच त्या महिन्यांतून हलवावं. सोसायटीच्या पीककर्जाची परतफेड मार्चअखेर असते, ती पिकाच्या चक्राला धरून आहे. पण छोट्या कर्जांचा हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा. तो पोळ्यालाही येतो, डोमकळीच्या दिवसांतही येतो. कापसाच्या गावात ज्या महिन्यात पैसा नसतोच, त्या महिन्यात दारात वसुलीवाला उभा करून कुणाचं काय भलं होतं? कर्ज देणाऱ्याचंही नाही. अळीने खाल्लेल्या वावरातून त्याची वसुली कशी होणार?

या सभागृहात बँकेत काम करणारे बसले आहेत, कृषी खात्यातले आहेत, बचत गट चालवणाऱ्या भगिनी आहेत. माझी मागणी त्यांच्याकडे आहे. कापूस पिकवणाऱ्या घरांना दिलेल्या छोट्या कर्जांचे ऑगस्ट ते ऑक्टोबरचे हप्ते पुढे ढकलून ते चुकाऱ्याच्या महिन्यांना, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीला जोडावेत. व्याज माफ करा असं मी म्हणत नाही. फक्त तारीख हलवा. पुढच्या पोळ्याला अजून आठ महिने आहेत. करारातली एक ओळ बदलायला तेवढे पुरेसे आहेत, आणि ज्यांच्याकडे तो करार आहे ते इथेच बसले असतील तर व्याख्यान संपल्यावर मला भेटावं.